पडलेलं झाड आणि ट्रॅक्टर: कापायचं कुठून, बांधायचं कुठे, ओढायचं कसं

रोहिण्यांतलं वादळ आमच्याकडे बहुतेक दुपार कलल्यावर येतं. आधी पश्चिमेकडून पिवळी धूळ उठते, मग गोठ्यावरची टिनं वाजायला लागतात आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपतं. सकाळी वावरात जाऊन बघावं तर धुऱ्यावरचा मोठा कडुनिंब पांदणीवर आडवा पडलेला. पेरणी दहा-बारा दिवसांवर आलेली, आणि खत-बियाणं आणायचं ते याच पांदणीनं. मग घरातलं कोणी ना कोणी म्हणतंच, "ट्रॅक्टर लाव अन् ओढून टाक एका बाजूला."

ओढायचं तर ट्रॅक्टरनंच, पण तो येतो सगळ्यात शेवटी. त्याआधी बघणं, कापणं, वजन काढणं आणि बांधणं ही चार कामं नीट झाली तर ट्रॅक्टरला अर्ध्या तासाचंच काम उरतं. ती टाळून सरळ ट्रॅक्टर जुंपला की काय होतं, ते मी स्वतः पाहिलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी हिवराचं एक बुड काढायचं होतं. खोड आधीच तोडलेलं होतं, जमिनीवर दीड हात खुंट उरला होता. मी साखळी बांधली ती टॉप लिंकच्या, म्हणजे मागे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, ब्रॅकेटला. उंच बांधलं की बुड वर उचलल्यासारखं निघेल, असा माझा हिशेब. लो गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिनाचा आवाज जड झाला, मागची चाकं जागची हलेनात, आणि बोनेट माझ्यासमोर वर यायला लागलं. धुऱ्यावरचे पळस दिसेनासे झाले, समोर नुसतं आभाळ. पाय क्लचवर पडला तो नशिबानं. पुढची चाकं धाडकन खाली आली, टाय रॉड वाकला. भाऊ बाजूला उभा होता. तो एवढंच बोलला, "गाडी उभी राह्यली होती ना बे!"

असं का होतं, ते पक्कं डोक्यात बसवून घ्या. बाकीचे बरेच नियम यातूनच निघतात. इंजिन मागच्या चाकांना फिरवायला बघतं. ओढायची वस्तू हलत नसेल आणि चाकं चिखलात किंवा मातीत घट्ट रुतलेली असतील, तर चाकांना फिरता येत नाही. मग तोच जोर उलटा लागतो आणि अख्खा ट्रॅक्टर मागच्या अ‍ॅक्सलभोवती फिरायला बघतो. साखळी अ‍ॅक्सलच्या वर बांधलेली असेल तर तीही त्याला मागेच खेचते. पुढची चाकं उठल्यापासून साधारण पाऊण सेकंदात गोष्ट हाताबाहेर जाते आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर असतो. "उठला तर क्लच दाबू" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाऊण सेकंदात माणसाला काय चाललंय ते उमगतसुद्धा नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर उलटल्यावर जीव वाचवणारी लोखंडी चौकट नसते. छत असलं तरी ते उन्हापुरतं.

आधी नुसतं बघा

झाडाजवळ जायच्या आधी तारा कुठे आहेत ते पाहा. वावरातून जाणारी लाइन, पंपाची सर्व्हिस वायर, तुटून फांद्यांत गुंतलेली तार, हे सगळं दुरूनच बघायचं. तार दिसली की तीस-चाळीस फुटांवर थांबायचं आणि महावितरणला 1912 वर कळवायचं. शेतीच्या लाइनला ठरावीक तासच थ्री-फेज असतो. त्यामुळे आता लाइन बंद आहे याचा अर्थ ती तासाभरानंही बंदच असेल असा नाही. गावात "मी डीओ (खांबावरचा फ्यूज) पाडून देतो ना" म्हणणारा एक हुशार माणूस असतोच. त्याला चहा पाजा आणि बसवून ठेवा. लाइनमन येऊन त्यानं लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत फांदीला कुऱ्हाड लागता कामा नये.

मग झाड कोणाचं ते पाहा. धुऱ्यावरच्या झाडावरून दोन सख्खे भाऊ तहसीलपर्यंत गेलेले आपण बघतो. पडलेलं झाड उचलण्याआधी शेजारच्या कास्तकाराला बोलवा, मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा, मुळासकट पडलंय हे फोटोत दिसू द्या. साग, मोहा, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, हिरडा, चंदन यांतलं झाड असेल तर ते महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम 1964 च्या यादीत येतं. तेव्हा तलाठी आणि वनरक्षक यांना कळवून पंचनामा करून घेतल्याशिवाय त्याचे तुकडे करू नका. वादळानं पडलं हे तुम्हाला माहीत असतं, पण कापलेल्या ओंडक्यांकडे बघून ते कोणाला कळत नाही. बाभूळ, कडुनिंब त्या यादीत नाहीत. तरी लाकूड गावाबाहेर आरामशीनवर न्यायचं असेल तर वाहतुकीच्या पासाचं वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून घ्या. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीसाठी 1969 चा वेगळा कायदा आहे. मेळघाट, गडचिरोली, यवतमाळकडच्यांनी तो ध्यानात ठेवावा.

आणि जीवजंतू. मोठ्या कडुनिंबाला, चिंचेला ढोल असतेच. ढोलीत घोणस, नाग, विंचू काहीही निघू शकतं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पडलेल्या झाडाखालची सावली त्यांना आवडते. काठीनं खोड ठोका, थोडं थांबा, मग हात घाला. आग्या मोहोळ असेल तर त्या दिवशी काम नाही.

शेवटची नजर जमिनीवर फिरवा. बिनकठड्याची विहीर किती लांब आहे, जमिनीखालून पीव्हीसी पाइपलाइन कुठून गेली आहे, ठिबकच्या नळ्या उचलल्या आहेत का. काटोल-वरुड-मोर्शीकडे धुऱ्यावरचं झाड संत्र्याच्या बागेत पडलं तर खरं काम असतं बाकीची झाडं वाचवण्याचं. तिथे ओंडका ओढायची वाट आधी चुन्यानं आखून घ्यावी आणि त्या वाटेवरच्या ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवाव्यात.

सामान

पेट्रोलवर चालणारी कटर मशीन घरची नसेल तर कटरवाल्याला रोजानं बोलवा. ती भाड्यानं आणून पहिल्यांदाच मोठ्या झाडावर हात साफ करू नका. घरची असेल तर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती, ते मशीनच्या पुस्तकात बघा. 50 ला 1 असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40 मिली. चेनला धार हवी. भुसा पिठासारखा बारीक निघायला लागला की धार गेली समजा. चांगल्या धारेचा भुसा जाडसर, चुऱ्यासारखा पडतो.

याशिवाय दोन कुऱ्हाडी, एक सब्बल, लाकडी पाचरा (चार-पाच तरी), चामडी हातमोजे, बूट आणि डोळ्यांना चष्मा. डोक्याचा दुपट्टा काढून ट्रॉलीत ठेवा. त्याचं सुटलेलं टोक चेनमध्ये किंवा पीटीओ शाफ्टमध्ये (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यात) गेलं तर तो गळ्यालाच फास बसतो.

साखळीवर मात्र पैसे वाचवू नका. 10 मिमीची, कडीवर ग्रेड 80 ठोकलेली साखळी 3.15 टनांच्या सुरक्षित भाराची असते. फास मारून वापरली की क्षमता थोडी कमी धरायची. वीस-बावीस फुटांची एक घेतली की जन्मभर पुरते. बाजारात किलोवर मिळणाऱ्या साखळीवर कुठलाच शिक्का नसतो, ती बैल बांधायला ठीक. तुटलेली कडी नटबोल्टनं जोडलेली साखळी तर भंगारातच टाका. नायलॉनच्या दोराचं दुखणं वेगळं. तो ताणला की रबरासारखा लांबतो आणि तुटला तर तेवढ्याच जोरानं परत येतो, टोकाला लोखंडी हुक असेल तर हुकासकट. म्हणून ओढायला साखळी किंवा चांगला वायर रोप, आणि नाडा-दोर फक्त फांद्या सावरायला.

कापण्याचा क्रम

पडलेलं झाड निवांत झोपल्यासारखं दिसतं. पण ते कुठेतरी टेकलेलं असतं, कुठेतरी लोंबत असतं, त्याच्या पोटात ताण भरलेला असतो. खोड दोन टोकांना टेकून मध्ये अधांतरी असेल तर त्याची वरची बाजू दबलेली असते आणि खालची ताणलेली. एका टोकाला टेकून दुसरं टोक हवेत असेल तर उलटं, वरची बाजू ताणलेली आणि खालची दबलेली. नियम एकच: दबलेल्या बाजूनं आधी एक चतुर्थांशापर्यंत काप घ्या, मग ताणलेल्या बाजूनं कापत आणून तो पूर्ण करा. उलटं केलं तर काप मिटून मशीनचा बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आत अडकतो, किंवा खोड उभं चिरत जाऊन उसळतं. काप रुंदावायला लागला की ठीक चाललंय. मिटायला लागला की मशीन बाहेर काढा आणि पाचर ठोका.

मशीनच्या बारचं टोक, त्यातही टोकाचा वरचा भाग, कुठेही टेकू देऊ नका. तिथे लाकूड लागलं की मशीन सरळ तोंडाकडे उसळते. फांद्यांच्या जाळीत हे सगळ्यात जास्त घडतं, म्हणून बारीक फांद्या कुऱ्हाडीनंच तोडलेल्या बऱ्या.

फांद्या क्रमाक्रमानं काढत या. वरच्या आणि मोकळ्या फांद्या आधी. ज्या फांद्यांवर खोड पायांवर उभं राहावं तसं टेकलेलं असतं, त्या शेवटी. अशी एखादी टेकूची फांदी कापली की खोड गडगडतं. कापताना उभं राहायचं उताराच्या वरच्या अंगाला, आणि मागे निघायची वाट मोकळी ठेवून. खोडाखाली दबून धनुष्यासारखी वाकलेली कोवळी बाभूळ किंवा सुबाभूळ दिसली तर तिला एका घावात तोडू नका. वाकाच्या आतल्या बाजूनं थोडं थोडं छिलत ताण उतरवा.

आता मुळांचा गड्डा. काळ्या भारी जमिनीतलं झाड मुळांसकट उपटून पडतं तेव्हा मातीची सात-आठ फुटांची थाळी उभी राहते आणि खाली खड्डा पडतो. त्या थाळीला खोडाच्या वजनानं धरून ठेवलेलं असतं. खोड कापलं की ते वजन जातं आणि थाळी खड्ड्यात धपकन परत बसते, कधी कधी खुंट पुन्हा सरळ उभा राहतो. त्या खड्ड्यात पोरं खेळायला उतरतात, सावली म्हणून शेळ्या बसतात. कापायच्या आधी खड्ड्यात कोणी नाही याची खात्री करा, सगळ्यांना मागे हटवा, आणि खुंटाला तीन-चार फूट खोड ठेवूनच काप घ्या. थाळी तुमच्याकडे झुकलेली वाटत असेल तर ती आधी साखळीनं दुसऱ्या भक्कम झाडाला बांधून ठेवा.

एक झाड दुसऱ्यावर अडकून तिरपं उभं राहिलं असेल तर ते सगळ्यात धोक्याचं. त्याच्याखाली जायचं नाही, ज्यावर ते टेकलंय ते झाड कापायचं नाही, आणि वर चढायचं तर नाहीच. झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट लांबीचा वायर रोप बुडाला बांधून, झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या उलट्या बाजूनं, लांबूनच हळूहळू बुड ओढायचं, म्हणजे शेंडा घसरत खाली येतो. एवढा रोप हाताशी नसेल तर जेसीबी बोलवा. तासाचं भाडं देऊन विषय संपतो.

वजन काढायचं सोपं गणित

ओंडका किती फुटांचा कापायचा, हे वजनावरून ठरवा. सुतळीनं घेर मोजा, फुटांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, आणि येईल त्याची सव्वादोनपट. उत्तर किलोत. ओल्या लाकडाचं वजन त्याच आकाराच्या पाण्याइतकं धरून हा हिशेब बसवला आहे. पाच फूट घेराचा दहा फूट ओंडका: पाच पंचे पंचवीस, दाहे अडीचशे, सव्वादोनपट केलं की साडेपाचशेच्या वर. म्हणजे साडेपाच क्विंटल. सहा फूट घेर असेल तर तोच दहा फुटी ओंडका आठ क्विंटलच्या वर जातो. घेर एक फुटानं वाढला तर वजन जवळजवळ दीडपट झालं, हे डोळ्याला कळत नाही. ओली बाभूळ असेल तर हिशेबापेक्षा थोडं वरच धरा.

दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टर. 45 एचपीच्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. कोरड्या, घट्ट जमिनीवर तो आपल्या वजनाच्या निम्म्याइतका जोर लावतो, ओल्या काळ्या मातीत त्याहून बराच कमी. ओंडका नुसता जमिनीवरून फरफटत न्यायला त्याच्या वजनाच्या अर्ध्याहून जास्त जोर लागतो, आणि तोंड मातीत घुसलं तर काही नेम नाही. म्हणून मी घरी नियम केलाय: एका वेळेस एकच ओंडका, आणि सात क्विंटलच्या आत. दोन खेपा जास्त होतात. होऊ द्या.

बांधायचं कुठे

ट्रॅक्टरला साखळी बांधायची जागा एकच, ड्रॉबार, म्हणजे ओढकामासाठी मागे असलेला लोखंडी दांडा. जमिनीपासून फूट-दीड फुटावर, मागच्या अ‍ॅक्सलच्या खाली. टॉप लिंकचा ब्रॅकेट नाही, अ‍ॅक्सल हाउसिंग नाही, सीटखालचा कुठलाही पाइप नाही, आणि पुढच्या बंपरला बांधून रिव्हर्समध्ये ओढणंही नाही.

दोन खालच्या लिंकांमध्ये बसणारी भोकांची आडवी पट्टी बहुतेकांकडे असते. ओंडक्याचं तोंड जमिनीवरून उचलायला ती सोयीची, कारण हायड्रॉलिकनं वर घेता येते. पण तिथेच फसायला होतं. पट्टी जितकी वर, तितकी ओढ अ‍ॅक्सलच्या जवळ जाते, आणि अ‍ॅक्सलच्या वर गेली की आमच्या हिवराच्या बुडाची गोष्ट पुन्हा सुरू. ओंडक्याचं तोंड वीतभर उचललं की पुरे. तेवढ्यानंही फरक मोठा पडतो: तोंड मातीत घुसत नाही, अर्धं वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. मात्र त्याच वजनानं पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातोय असं वाटलं की ओंडका खाली ठेवा. पुढे वजनाच्या प्लेटा लावा किंवा ओंडका लहान करा.

ओंडक्याला साखळी बांधताना जाड तोंड पुढे घ्या आणि तोंडापासून हात-दीड हात मागे फास मारा. साखळी खालून घालायला सब्बलीनं तोंड उचलून खाली दगड सरकवा, हात सरकवू नका. फासाचा हुक खालच्या अंगाला ठेवला की ताण येताच तोंड आपसूक वर उचललं जातं. तोंडाच्या कडा कुऱ्हाडीनं तासून बोथट, थोड्या निमुळत्या करा. या दोन मिनिटांच्या कामानं ओंडका ढेकळात अडकत नाही. साखळी आखूड ठेवा, ड्रॉबारपासून ओंडक्यापर्यंत चार-पाच फूट. लांब साखळीवर ओंडका वळणावर झोके खातो आणि शेजारच्या तुरीच्या ओळी घेऊन जातो. फांद्यांचे ढीग ओढायचे असतील तर बुडखे पुढे करून बांधा, म्हणजे डहाळ्या मिटतात. शेंड्याकडून ओढलं तर त्या जमिनीत रुततात.

ओंडका अवघड जागी, समजा नाल्याच्या काठाला असेल आणि ट्रॅक्टर सरळ रेषेत उभा करता येत नसेल, तर दुसऱ्या झाडाला कप्पी बांधून दिशा बदलता येते. तेवढं ध्यानात ठेवा की ज्या झाडाला कप्पी बांधली त्याच्यावर दोराच्या दुप्पटीपर्यंत ओढ येऊ शकते. वाळवी लागलेली बाभूळ तिथे चालणार नाही. आणि दोराच्या कोनाच्या आतल्या अंगाला कोणी उभं राहायचं नाही. कप्पी सुटली तर ती तिथूनच जाते.

ओढताना

जमीन वाफशावर येईपर्यंत, म्हणजे वरचा चिखल सुकेपर्यंत, थांबा. पहिल्या पावसानंतर काळी माती टायरला पोळीसारखी गुंडाळते, नक्षी बुजून टायर गुळगुळीत होतो. दोन दिवस ऊन मिळालं की तीच जमीन ट्रॅक्टर झेलते. पेरणीची घाई असतेच, पण ओल्या वावरात अडकलेला ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर, मग दोन्ही काढायला तिसरा, अशी माळ लागल्यावर पेरणी लवकर झाली असं कधी ऐकलं नाही. भंडारा-गोंदियाकडे बांधीत (धानाच्या खाचरात) झाड पडलं तर चिखलणीच्या आधीच काढा, किंवा मग कापून तुकडे माणसांनी वाहून न्या.

दोन्ही ब्रेक पेडल जोडून घ्या. लो फर्स्ट गिअर, इंजिन मध्यम रेसवर. आधी क्लच अर्धवट सोडत साखळी नुसती ताठ होऊ द्या, मग सावकाश पूर्ण सोडा. झटका देऊ नका. "थोडा मागे घे अन् एक हिसका दे" या एका वाक्यानं आजवर किती साखळ्या तुटल्या असतील. साखळीच्या मध्यावर मातीनं अर्धं भरलेलं पोतं टाकून ठेवा, तुटलीच तर तिची उडी मरते. बघ्यांना साखळीच्या लांबीच्या दीडपट तरी लांब, बाजूला उभं करा. खुणा एकानंच करायच्या, आणि तो चालकाला सतत दिसला पाहिजे. मडगार्डवर कोणी बसणार नाही. धाकट्या पोराचा कितीही हट्ट असला तरी नाही.

उतारावर आडवं चालू नका, सरळ वर किंवा सरळ खाली. खाली उतरताना ओंडका ट्रॅक्टरच्या पाठीवर घसरत येतो, म्हणून तोंड जमिनीला टेकू द्या, म्हणजे तोच ब्रेक होतो. वर चढताना पुढची चाकं आधीच हलकी असतात, तिथे ओझं निम्मं करा.

चाकं जागेवर फिरायला लागली की लगेच थांबा. रेस वाढवून चाकं अ‍ॅक्सलपर्यंत पुरायची नाहीत. ओंडका सोडा, ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये बाहेर काढा, निघत नसेल तर चाकांमागची माती फावड्यानं काढा आणि फांद्या घाला. यात एक प्रकार मात्र जीवघेणा आहे आणि गावोगावी चालतो: मागच्या दोन्ही चाकांना आडवं लाकूड साखळीनं बांधून ट्रॅक्टर पुढे घेणं. लाकूड मातीत अडकतं, चाक फिरू शकत नाही, आणि ट्रॅक्टर मागे पलटतो. कोणी सुचवलं तर किल्ली काढून खिशात घाला.

ट्रॉलीत चढवणं

सहा माणसांनी "हैसो" करून पाच क्विंटल उचलायची हौस असेल तर करा, पण कंबरेचं दुखणं पुढे कोणी वाटून घेत नाही. आमच्याकडे जुने लोक ओंडका लोटत चढवत, तीच पद्धत मला आजही सगळ्यात बरी वाटते. ट्रॉली ओंडक्याला समांतर उभी करा, तिचा ट्रॅक्टर जोडलेलाच राहू द्या, चाकांना दोन्हीकडून दगड लावा. त्या बाजूचा फाळका उघडा. ट्रॉलीचा तळ तीन फूट उंच असेल तर दहा फुटांच्या दोन भक्कम बल्ल्या तिरप्या टेकवा आणि वरून बांधून टाका, म्हणजे घसरणार नाहीत. आता दोन दोर. दोन्हींचं एक टोक ट्रॉलीच्या चेसिसला, बल्ल्यांच्या जवळ बांधा. दोर खाली आणून ओंडक्याखालून घाला, वरून परत घ्या, आणि ट्रॉलीवरून पलीकडे न्या. पलीकडून दोन्ही दोर सारखे ओढले की ओंडका बल्ल्यांवरून गडगडत वर येतो. या रचनेत लागणारा जोर निम्मा होतो, कारण दोर दोन हात ओढला तेव्हा ओंडका एक हात सरकतो.

पलीकडून ओढायला दुसरा ट्रॅक्टर लावता येतो, पण बैलजोडी असेल तर बैल उत्तम. "हो" म्हटलं की ते जागच्या जागी थांबतात, ट्रॅक्टरवाल्याला इंजिनाच्या आवाजात ऐकूच येत नाही. दोन माणसं पाचरा घेऊन दोन टोकांना उभी करा. ओंडका वर सरकला की मागे पाचर, सरकला की पाचर. ती दोघं बल्ल्यांच्या बाहेरच्या अंगाला राहतील, ओंडक्याच्या खालच्या वाटेत कोणीही नाही.

ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, हे भरताना विसरू नका. जाड ओंडके तळाशी, वजन चाकांच्या थोडं पुढे. मागे वजन गेलं तर हुक वर उचलतो आणि ट्रॅक्टरची पकड जाते. साखळीनं आवळा, फर्लांगभर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा, कारण हादऱ्यांनी ओंडके बसतात. रस्त्यावर जायचं तर दिवसाउजेडी जा, आणि मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल कापड बांधा.

मागे उरतं ते

बाभळीचे काटे. पांढरे, बोटाएवढे, वाळल्यावर खिळ्यासारखे. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरात जातात, बैलाच्या खुरात जातात, आणि डवऱ्यामागे अनवाणी चालणाऱ्याच्या पायात मोडतात. फांद्या ओल्या असतानाच, लांब बेळक्याच्या काठीनं उचलून धुऱ्यावर न्या. वाळल्यावर उचलायला गेलात तर निम्मे काटे वावरातच गळून राहतात. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा त्रास असेल तर याच फांद्यांचं कुंपण एक हंगाम चांगलं निघतं. बुडखे बाहेर, शेंडे एकमेकांत गुंतवून ठेवा.

खुंट ट्रॅक्टरनं उपटायचा नाही, हे वर पुरेसं सांगून झालं. वावराच्या मध्ये असेल तर भोवती खणून मुळं एकेक तोडा, मग सुटा झालेला गड्डा ड्रॉबारनं ओढा, नाहीतर जेसीबी. धुऱ्यावरचा कडुनिंब असेल आणि खुंटाची मुळं एका बाजूनं जमिनीत असतील, तर मी तो तसाच ठेवतो. थाळी खड्ड्यात बसली की पावसाळ्यात त्याला धुमारे येतात, त्यातले दोन ठेवून बाकीचे काढायचे.

वावरातला खड्डा मात्र पेरणीआधी भरून घ्या. थराथरानं माती टाकून प्रत्येक थर पाणी घालून तुडवा, आणि वरची माती जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा. काळी माती पहिल्या दोन-तीन पावसांत चांगलीच खाली बसते, आणि उंचवटा ठेवला नाही तर पेरणीयंत्राचं चाक नेमकं तिथेच जातं.